इंग्रजीची पंगत

देवमनला आणखी एक भाकर हवी होती, पण मागायची हिंमत होईना. मागच्या वेळी तो 'ब्रेड' म्हणाला, तर अख्खी पंगत फिदीफिदी हसली होती.

अमरावतीच्या त्या वसतिगृहात इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या सरांचा फतवाच होता: ताटावर बसलं की इंग्रजी. मराठीचा एक शब्द निसटला, की सरांच्या शिकवणीतून नाव कट. लक्ष ठेवायला पंगतीचा मॉनिटर शालिकराम. तो अकोल्याच्या वकिलाचा मुलगा, त्याच्या जिभेला इंग्रजीचं वंगण घरातूनच. देवमनला ते कुठलं मिळायला? इंटरच्या इंग्रजीत तो एकदा आपटला होता. पुन्हा आपटला, की कॉलेज संपलं आणि गावच्या खुशालरावाच्या वावरात जन्मभराची मजुरी ठरलेली. शिकवणी हाच काय तो आधार. म्हणून बिचारा ताटावर बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवायचा, अन् वाक्य जुळेपर्यंत वरण निवून जायचं.

"जयभीम, देवमन!"

दारात त्याचा बाप उभा. पुंजाजी. पाय धुळीनं माखलेले, खांद्यावर दुपट्टा. दीक्षा घेतल्यापासून दोन वर्षं त्याच्या तोंडी दुसरा नमस्कार नव्हता.

देवमनचा घास हातातच राहिला. आता जयभीम मराठीत धरतात की इंग्रजीत? त्यानं शालिकरामकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

"किती वाळला रे! बोलत काहून नाई?"

"आय ॲम वेल," देवमन म्हणाला. "प्लीज सिट."

पंगतीत कुणीतरी खुसखुसलं. पुंजाजी बसला नाही.

"तुले न्याले आलो मी. ऊठ, मोटर निंघून जाईन."

न्यायला? अन् परीक्षा तोंडावर आलेली! धावत जाऊन बापाला मिठी मारावी, घडाघडा बोलावं असं देवमनला वाटलं. डोळे भरूनच आले. पण इतके दिवस जीव मुठीत धरून सांभाळलं, ते एका शब्दासाठी घालवायचं? दोन घास तर उरलेत. हात धुतला, की अंगणात सगळं सांगता येईल. त्यानं वाक्य जुळवलं.

"आय कॅनॉट कम. आफ्टर एक्झामिनेशन आय विल कम."

काय नवल, वाक्य कुठं अडखळलंच नाही! शालिकरामसुद्धा 'गुड' म्हणाला.

पुंजाजी लेकाच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग शालिकरामकडं वळून त्यानं हात जोडले.

"बाबू, तुमाले आमची बोली समजते ना?"

शालिकरामनं मान डोलावली.

"मंग याले याच्या इंग्रजीत सांगा, तुही माय पहाटंच गेली. तुह्यासाठी माती थांबवली हाये म्हना."