बेडकीची हवा

बेडकीचं मागचं डावं चाक त्याही संध्याकाळी बसलेलं होतं, आणि ते बघून आबांना मनापासून आनंद झाला.

बेडकी म्हणजे त्यांची एटीव्ही, चार फुगीर चाकांची मोटारसायकल. दिसायला बसकी, डोळे बाहेर आलेली, म्हणून घरात तेच नाव पडलं. काही दिवस तिच्या या एका चाकाची हवा हळूहळू जात होती. सकाळी भरावी, तर संध्याकाळी निघायच्या वेळेला चाक अर्धं खाली. एकट्याने पायाने पंप मारेपर्यंत अंधार पडायचा आणि बागेच्या वरच्या टोकाला जाणं राहून जायचं. आबांनी चाकभर साबणाचं पाणी फासून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही. पंक्चरवाल्याने चाक टाकीत बुडवून पाहिलं आणि म्हणाला, "आबा, चाकाला काही झालेलं नाही. घरात कोणाशी भांडलात का?"

म्हणून आज सकाळी हवा भरल्यावर आबांनी व्हॉल्व्हच्या टोपीत आतून काळं ग्रीस भरून ठेवलं होतं. हे ग्रीस हाताला लागलं की साबणाला दाद देत नाही.

आबा चहाला स्वयंपाकघरात आले. संशय मुलावर होता. गेल्या महिन्यात बेडकी चढावर कलंडली, तेव्हापासून 'आबा, आता पुरे' हे त्याचंच पालुपद होतं. आज सुट्टी म्हणून तो दिवसभर घरीच होता, आणि चहा डाव्या हाताने पीत होता.

"खिशात काय आहे रे?"

"हात."

"बघू."

मुलाने हात बाहेर काढला. अंगठा आणि बोट काळंकुट्ट.

"घ्या," आबा म्हणाले. "कुंपणच शेत खातंय."

सगळ्यात मोठ्याने हसली ती आक्का, आबांची थोरली बहीण. "मला वाटलंच होतं, याचंच काम. लहानपणापासून गुणाचा आहे तो."

आबा तिच्याकडे बघत राहिले. "आक्का, नाकाला काय लागलंय तुझ्या?"

आक्काने नाक पुसलं. नाकावरचं काळं गालावर गेलं. ती हसायची थांबली.

एवढ्यात सुनेने आबांच्या पुढ्यात कपबशी ठेवली आणि झटकन पाठ फिरवली. पांढऱ्या बशीच्या कडेवर काळा अंगठा स्वच्छ उमटला होता.

"तूसुद्धा?" मुलगा म्हणाला.

"मला काय माहीत तुम्हीही जाता ते. मी आपली थोडीशीच सोडत होते."

"मीपण थोडीशीच."

"मी तर नुसतं फुस्स करून यायचे," आक्का म्हणाली.

आबांना हसू आवरेना. रागवायचं ठरवून आले होते, ते राहूनच गेलं. हसता हसता ठसका लागला, तेव्हा सुनेने पाणी दिलं. भांड्यावर आणखी एक अंगठा.

"हसू नकोस," आक्का म्हणाली. "तू वर पडलास तर आम्हाला कळणार कधी? तोंडाने सांगून दमलो सगळे."

"आई असत्या तर त्यांनी किल्लीच लपवली असती," सून म्हणाली.

"आणि मला लगेच सापडली असती. साखरेच्या डब्याखाली. तिची दुसरी जागाच नव्हती."

वरच्या टोकाला आबांनी आणि त्यांच्या बायकोने मिळून एक बाक बसवलं होतं. रोज संध्याकाळी दोघं तिथे चहा प्यायची. आता आबा थर्मास घेऊन एकटेच जायचे.

आबांनी चहा संपवला. "मी जाणार. गुडघा चालत नेणार नाही म्हणतो, म्हणून गाडीनेच जाणार. ज्यांनी हवा काढली त्यांनी भरायला या."

तिघं अंगणात आली. मुलाने पंप मारला, दमला, मग सुनेने मारला. आक्काने टोपी सांभाळली आणि उरलेलं ग्रीसही स्वतःला लावून घेतलं. आबा नुसते उभे राहून हुकूम सोडत होते, आणि ते काम त्यांना फार आवडलं. चाक दगडासारखं टणक झालं. अजून चांगलं ऊन होतं.

आबा बेडकीवर बसले. सून घरात गेली आणि थर्मास, एक पिशवी घेऊन आली. काही न विचारता मागे डाव्या बाजूला पाय सोडून बसली.

"सांभाळून," मुलगा म्हणाला. कोणाला ते कळलं नाही.

आबांनी वाकून मागे पाहिलं. "अरे, परत हवा गेली वाटतं. चाक दबलंय."

"हवा कुठली जाते," आक्का म्हणाली. "वजन वाढलंय. हळू ने."

आबांनी बेडकी इतकी हळू चढाला घातली, की आक्का फाटकापर्यंत बरोबर चालत आली. सुनेच्या पिशवीत दोन कप एकमेकांवर वाजत होते.