माग बंद असताना

साहेबाने तोंडाला मास्क चढवला आणि हेटी बाकावर पुढे सरकली.

आता त्याचे ओठ दिसेनात. भुवया उडत होत्या, डोळे फिरत होते, म्हणजे मेला बोलत होता काहीतरी. पण काय? "आता जरा कानांचं बघू," हे शेवटचं तिने वाचलं होतं. मग आला तो मास्क. हेटीने चेहऱ्यावरचं हसू तसंच धरून ठेवलं.

इतका वेळ सगळं सुरळीत चाललं होतं. हा क्रॉसली साहेब कामातले धोके शिकवायला मँचेस्टरहून आला होता. त्याच्यासाठी अर्धा तास माग बंद ठेवले होते आणि खात्यातल्या चोवीस जणी बाकांवर येऊन बसल्या होत्या. सुटीनंतर सोमवारी कामावर आलं की छाती का कोंडते, कापसाची धूळ आत कशी बसते, ते त्याने सांगितलं. मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढू नका, म्हणाला. त्यावर पुढच्या बाकावरची बेला सगळ्यांकडे वळून म्हणाली, "नवरा गेल्यापासून तेवढाच एक मुका उरलाय नशिबात, साहेब. तोही काढून घेता होय?" बायका खो खो हसल्या. हेटीही हसली. बेलाचे ओठ तिला स्वच्छ दिसले होते.

लँकशायरच्या गिरणीत ओठ वाचणं यात नवल कसलं! चारशे माग एकदम खडखडायला लागले की घसा फोडून काही उपयोग नसतो. बायका ओठ मोठे हलवून बोलतात आणि तेच वळण बाजारात, चर्चमध्ये, घरातसुद्धा सुटत नाही. म्हणूनच हेटीचे कान पार गेले तरी कुणाला पत्ता लागला नाही. एकट्या नवऱ्याला, हॅरल्डला, ठाऊक होतं. तो बाहेरून आला की आधी दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचा, म्हणजे ती दचकत नसे. तीन वर्षांपूर्वी हॅरल्ड गेला. आता घरातला दिवा तीच लावते आणि तीच मालवते.

हे कुणाला कळता कामा नये, एवढंच ती देवाकडे मागत असे. मागांवर देखरेख करणारा अल्फ जॉबर सरळ सांगायचा, धोटा अडकल्याचा आवाज जिला कळत नाही तिला मागावरून काढणार आणि आवारात झाडू मारायला धाडणार. झाडू मारण्याची लाज नव्हती तिला. पण झाडूवाली दिवसभर एकटी असते. इथे निदान चार माणसांचे ओठ तरी दिसत.

त्या चार माणसांत ऑलिव्हला मात्र धरायचं नाही. शेजारच्या मागावरची, एकोणीस वर्षांपासूनची मैत्रीण. हॅरल्डला पुरून परतताना हिनेच दंड धरून सांगितलं होतं, "रविवारी चहाला ये. एकटी बसू नकोस." हेटी गेली. दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. बोटं दुखेपर्यंत ठोठावलं. पडद्याच्या फटीतून ऑलिव्हची पाठ दिसत होती. शेगडीपाशी बसून आरामात विणत होती बया! मान काही वळली नाही. विधवेची रड हवी कुणाला, असं म्हणत हेटी पावसातून भिजत घरी आली. त्या सोमवारपासून तिने ऑलिव्हकडे बघणंच सोडलं. बघणं सोडलं म्हणजे बोलणंही सुटलं. ऑलिव्हने एकदोनदा तिचा खांदा हलवून पाहिला, मग तीही फुगून बसली.

समोर साहेबाचा मास्क हलायचा थांबला. तो वाट बघू लागला. म्हणजे काहीतरी विचारलंय खास. हेटीने ठरवलं, इतर जणी करतील तसं करायचं. चार हात वर गेले की आपलाही वर. ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागली.

कुणीच हलेना. बेला शेजारणीकडे बघत होती. शेजारीण तिच्या पलीकडचीकडे. सगळ्यांच्या तोंडावर तेच ताणलेलं हसू. मास्क पुन्हा एकदा हलला आणि थांबला.

मग साहेबाने तो खाली ओढला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी दोनदा म्हटलं," तो सावकाश म्हणाला, "ज्यांना माझं बोलणं ऐकू येतंय, त्यांनी हात वर करा."

त्याने मागे बोट दाखवलं. सगळ्या वळल्या. पार मागे दाराशी चहाची किटली घेऊन कँटीनची डोरीन उभी होती. जन्मात मागाला हात न लावलेली बाई. तिचा एकटीचा हात वर होता.

बेलाने आपल्या कामाच्या झग्याच्या टोकाचा बोळा तोंडाला लावला. पुढच्या बाकाच्या टोकाला बसलेल्या अल्फ जॉबरचे दोन्ही हात मांडीवरच होते. आता हा कुणाकुणाच्या हातात झाडू देणार होता?

हेटीने तीन वर्षांत पहिल्यांदा बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ऑलिव्हचेही हात मांडीवर होते. ती हेटीकडेच बघत होती. तिचे ओठ थरथरत होते, तरी हेटीला वाचता आले.

"त्या रविवारी का नाही आलीस गं? आल्याचा केक करून अंधार पडेपर्यंत वाट बघत बसले होते मी."