बंदुकीचं कुंकू

सिद्रामप्पांनी बंदूक उलटी केली, सुलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "नंबर कुठंय हिचा?"

रणधीरनं बोट दाखवलं. घोड्याच्या पुढं, डाव्या अंगाला, लोखंडावर कुंकवाची जाड खपली धरली होती. "त्याच्या खाली व्हता," तो म्हणाला. "आईनं घालवला."

तुळजाबाई दाराजवळच्या बाकाच्या टोकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि पिशवीचे बंद सारखे केले. परवान्याच्या मागच्या नूतनीकरणापासून पाच वर्षं त्या हेच ऐकत होत्या.

बंदूक पंपाची होती. पुढची लाकडी मूठ मागं ओढून पुढं ढकलली की काडतूस नळीत बसायचं. तुळजाबाईंच्या सासऱ्यांनी ती निजामाच्या काळात हैदराबादेहून आणली होती. नवऱ्यानं, बब्रुवाननं, तिच्या जिवावर अणदूरच्या शिवारातून जन्मभर रानडुकरं हाकलली, तीही बहुतेक वेळा नुसत्या मुठीच्या खटक्यानं. गेल्या वर्षी बब्रुवान गेले आणि बंदूक कायद्याप्रमाणे धाराशिवात सिद्रामप्पांच्या बंदुकांच्या दुकानात जमा झाली. आता ती रणधीरच्या नावावर व्हायची होती. त्यासाठी परवान्यावरचा नंबर बंदुकीवर दिसायला हवा होता. उद्या तपासणी होती. नंबर नाही दिसला तर बंदूक सरकारजमा होणार आणि तिचे तुकडे होणार. मग घरात जन्मभर एकच गोष्ट ऐकावी लागणार, हे तुळजाबाईंना माहीत होतं.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा त्याच करायच्या. कोयता, कुऱ्हाड आणि ही बंदूक पाटावर मांडायच्या. पन्नास वर्षं, दर वर्षी, त्याच जागी एक बोट कुंकू.

सिद्रामप्पांनी मान हलवली. पूजेनं खाल्लेल्या कितीतरी तलवारी त्यांनी पाहिल्या होत्या. हळदीकुंकवाचं ओलं बोट लोखंडाला गंजापेक्षा वाईट, असं ते म्हणाले. मग त्यांनी नळी सोडवली. नळीच्या बुडाशी नंबर दुसऱ्यांदा कोरलेला असतो, मागच्या नूतनीकरणाला त्याच्यावरच भागलं होतं.

नळी स्टीलच्या नव्या तांब्यासारखी लखलखत होती. नंबरच्या जागी दोन पुसट रेघा राहिल्या होत्या.

"ही कुणी घासली?"

"म्या," रणधीर छाती काढून म्हणाला. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा बंदुकीची हयगय नको म्हणून त्यानं तीन दिवस बसून ती काचपेपरनं घासली होती. आधी कशी काळीकुट्ट दिसायची, हेही त्यानं सांगितलं.

सिद्रामप्पांनी नळी टेबलावर ठेवली. ती निळसर काळी झाक म्हणजे जुन्या बंदुकीची कातडी, आणि किंमत ठरते ती त्या कातडीवर. एरवी त्यांनी हे गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावलं असतं. पण रणधीर इतका खुशीत होता की त्यांना ते जमेना. त्यांनी ओली चिंधी घेतली आणि शेवटचा उपाय म्हणून कुंकवाच्या खपलीवर टेकवली.

"पाण्यानं न्हाय निघायचं ते," तुळजाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "खाली मेण हाय."

सिद्रामप्पांचा हात थांबला. "बंदुकीला मेण?"

"मग? मेणाबिगर कुकू टिकतं व्हय?"

त्यांनी सगळं सांगितलं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. कपाळाला लावतात तसंच. जागा कोरडी पुसायची, करंड्यातल्या मधाच्या पोळ्याच्या मेणाचं बोट फिरवायचं आणि त्यावर कुंकू. आधी स्वतःला, मग बंदुकीला. करंडा एकच. बब्रुवान गेल्यावर भावकीतल्या बायका म्हणाल्या, आता तिला तो काय करायचा, आणि रणधीरनं तो माळ्यावर नेऊन ठेवला होता.

सिद्रामप्पांनी चिंधी टाकून दिली. कोरडं फडकं टेबलावरच्या बल्बला धरून गरम केलं आणि खपलीवर दाबलं. पुन्हा गरम केलं, पुन्हा दाबलं. मग बांबूची काडी कडेनं हळूच घातली. पन्नास वर्षांचं कुंकू भाकरीच्या पापुद्र्यासारखं अख्खं उचललं गेलं.

खाली लोखंड निळंकाळं होतं. हैदराबादच्या दुकानातून निघालं त्या दिवशी असेल तसं, गंजाचा एक ठिपकाही नसलेलं. आणि त्यावर सहा आकडे.

सिद्रामप्पांनी ते एकेक करून वाचले. रणधीर परवान्यावर बोट ठेवून जुळवत गेला. सहावा आकडाही जुळला आणि त्याचं बोट तिथंच राहिलं.

"रणधीर, मूळ बंदूक म्हणाल तर एवढीच शिल्लक हाय," सिद्रामप्पा म्हणाले. मग बाकाकडं वळून त्यांनी हात जोडले. "अक्का, समद्या बंदुकीलाच कुकू लावायचं व्हतं की वो."

तुळजाबाई हसल्या. त्यांना फार बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्या बाकाला पाठ टेकून नीट बसल्या.

बाकीच्या बंदुकीची ती काळी झाक आपणच घासून काढली, हे रणधीरच्या ध्यानात आलं होतं. निघताना त्यानं काचपेपरची चूक स्वतःहून कबूल केली आणि पुढं बंदूक कशी जपायची ते विचारलं. वर्षातून दोनदा मेणाचा हात, बाकी काही करू नका, असं सिद्रामप्पा म्हणाले. कुठलं मेण चांगलं, असं विचारल्यावर त्यांनी नुसतं तुळजाबाईंकडं पाहिलं.

घरी पोचल्यावर रणधीर चहाला थांबला नाही. शिडी लावून माळ्यावर चढला, करंडा घेऊन खाली आला, सदऱ्याच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली आणि तो आईपुढं धरला.

तुळजाबाई म्हणाल्या, बंदूक तर अजून दुकानातच आहे.

"तिला यायला महिना लागंल," रणधीर म्हणाला. "तू लावून घे."