कोंबड्यांनी उकरलेलं अंगण

"आपल्या घरात नाचबीच चालायचं न्हाई," भुजंगरावांनी लेकीला बजावलं. पण जालन्याला युवक महोत्सवाची निवड तोंडावर आली होती. आई, द्वारकाबाई, अंगण सारवून पाण्याला गेली की मथुरा त्या ओल्या अंगणातच नाचून घ्यायची. वडील शेतातून यायच्या आत आई पुन्हा सारवायची. "कोंबड्या लई उकरून राह्यल्या," म्हणायची. आईच्या भोळेपणाला मथुरा मनातल्या मनात हसायची.

निवडीच्या आदल्या दिवशीही द्वारकाबाई पुन्हा सारवायला बसली. हात चालवता चालवता, मान वर न करता म्हणाली,

"गिरकी आता बराबर येऊन राह्यली. डावा पाय तेवढा घासतो तुझा. उद्या जालन्याला नीट उचल."