एकुलतं एक मत

जुईच्या हातात अमेरिकेची मतपत्रिका होती आणि घरातले दोन्ही पुरुष तिला चहा विचारत होते. ऑकलंडच्या न्यू लिन उपनगरातल्या या घरात पुरुषांनी कुणाला चहा विचारणं हे काही रोजचं दृश्य नव्हे. जुईची आई, अनुराधा, ओट्याशी उभी राहून मजा बघत होती.

अनुराधाचा नवरा रणजित नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असताना जुईचा जन्म झाला होता. ती रांगायचं सोडून चालायला लागली तेव्हा ही मंडळी ऑकलंडला आली, ती इथलीच झाली. मुलगी जन्मानं अमेरिकन आहे हे पासपोर्ट बदलायच्या वेळेपुरतंच सगळ्यांच्या लक्षात असे. गेल्या महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली. आणि वर्षभर अमेरिकेच्या निवडणुकीवरून भांडणाऱ्या तिच्या बापाला आणि आजोबांना एकदम साक्षात्कार झाला, की घरात अमेरिकेचा खरा मतदार एकच आहे.

पुरुषोत्तम अण्णा एका पक्षाचे, तर त्यांचा मुलगा रणजित दुसऱ्याचा. अण्णांचं म्हणणं, देश चालवायचा तर राष्ट्राध्यक्षाचा हात खंबीर हवा. ज्याला त्याला विचारत बसलं की झालं वाटोळं. रणजितचं म्हणणं, राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजा नव्हे. सही ठोकून हुकूम सोडणं म्हणजे कारभार नव्हे. दोघांपैकी कुणालाही तिथं साधा नगरसेवक निवडता आला नसता. तरी ऑगस्टपासून बापलेकांत विस्तव जात नव्हता. अण्णा स्वयंपाकघरात जेवत, रणजित टीव्हीसमोर, आणि अनुराधा दोन्हीकडे पोळ्या पोचवत फिरे.

जुईचा जीव मात्र भलतीकडेच अडकला होता. तिला दूर दक्षिणेला, डनेडिनला जाऊन सर्व्हेइंग शिकायचं होतं, डोंगरदऱ्यांत हिंडून जमिनी मोजायच्या होत्या. तिथल्या हॉस्टेलनं जागा देऊ केली होती आणि होकार शुक्रवारपर्यंत कळवायचा होता. रणजितनं एका दमात निकाल लावला होता, "इंजिनीअरिंग, ऑकलंडमध्ये, घरी राहून. विषय संपला." त्यावर ती खोलीत जाऊन रडली आणि तोंड धुऊन बाहेर आली. फक्त अनुराधाच्या ते लक्षात आलं.

आज गुरुवार होता.

"ओके," जुईनं मतपत्रिका टेबलावर ठेवली. "बाबा, आजोबा, दोघंही इथे बसा. सेम टेबल. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. नो इंटरप्टिंग. मला जो कन्व्हिन्स करेल, त्याच्या पार्टीला व्होट. स्वीट ॲज, चालेल ना?"

दोघं मुकाट बसले. अनुराधानं मध्ये अळूवड्यांची ताटली ठेवली. अळूची पानं तिनं मुद्दाम ओटाहुहूच्या बाजारातून आणली होती.

आधी अण्णा बोलले. वीज मंडळात सगळा जन्म काढलेला माणूस, उदाहरणंही तिकडचीच. शहरभर अंधार झाला की साहेब सभा घेत बसत नाही, एक हुकूम देतो आणि दिवे लागतात. मुद्दा तसा बरा होता. जुईनं मान डोलावली.

मग रणजित बोलला. "हातात अधिकार आहे म्हणून निर्णय घेऊन टाकायचा नसतो, जुई. ज्यांच्या आयुष्यावर त्याचा परिणाम होणार, त्यांना आधी विचारावं लागतं. त्यांचं शांतपणे ऐकावं लागतं. ते नसेल, तर तो कारभार नाही, नुसती दादागिरी." तो मनापासून बोलत होता. अण्णासुद्धा वडी हातात धरून ऐकत राहिले.

"वाव, बाबा. टोटली पटलं मला," जुई म्हणाली. "मग डनेडिनचं मला कधी विचारणार आहेस?"

रणजित गडबडला. "ते वेगळं आहे," तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाच पटलं नाही.

अण्णांना तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी टेबलावर थाप मारली. "वेगळंबिगळं काही नाही! या घरात मी मोठा. माझा हुकूम आहे, पोरगी डनेडिनला जाणार. विषय संपला!"

रणजितनं वडिलांकडे बघितलं. हेच शब्द, याच आवाजात, त्यानं जुईच्या वयाचा असताना ऐकले होते. त्याला शेतकी कॉलेजात जायचं होतं. अण्णांनी इंजिनीअरिंगला घातलं. आणि परवा तेच शब्द त्यानं जसेच्या तसे लेकीला ऐकवले होते. त्याला लाज वाटली. आणि का कोण जाणे, थोडं हलकंही वाटलं.

"नको अण्णा," तो हळूच म्हणाला. "हुकूम नको." त्यानं खुर्ची जुईकडे वळवली. "सांग मला. काय असतं ते सर्व्हेइंग? मला खरंच माहीत नाही."

अण्णा तोंड उघडणार, तेवढ्यात अनुराधानं ताटली त्यांच्यापुढे सरकवली. "अण्णा, नो इंटरप्टिंग."

जुई बोलत सुटली. नदी पात्र बदलते तेव्हा हद्दीचं काय होतं, पिहाच्या समुद्रकाठच्या कड्यावर एका सर्व्हेअरबाईंबरोबर ती दिवसभर कशी हिंडली, यंत्रातून पाहिलं की लांबचा डोंगर कसा अंगावर येतो. इंग्रजी पुरेना तेव्हा मराठीत, मराठी अडली की हातवारे करून. रणजित प्रश्न विचारत होता, आणि उत्तर येईपर्यंत थांबत होता. अण्णांनी एकच चौकशी केली, हॉस्टेलच्या खोलीतला हीटर किती वॉटचा. ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचा लोकरी कोट देऊ केला. वड्या संपल्या, तिथंच पानं मांडली, आणि कित्येक आठवड्यांनी चौघं एकत्र जेवले. जेवता जेवताच जुईनं हॉस्टेलला होकार कळवून टाकला.

दुसऱ्या दिवशी शाळेला जाताना तिनं भरलेली मतपत्रिका पोस्टात टाकली. मत कुणाला दिलंस, हे विचारायचं दोघांनाही सुचलं नाही.