फर्डीचं इंजिन बंद होतं

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. टाळ खाली ठेवा. आख्यान लहानसं आहे, पण घरी जपून न्या.

सोमवारी बाटली फेकायची, असं सरांनी बजावलं होतं. बाटलीवर एकच अक्षर, 'र'. आत मेंदूतल्या गाठीच्या पेशी. संशोधन करणाऱ्या चंद्रकांता या मुलीने त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत चार वर्षं लेकरासारख्या पोसल्या होत्या. गाठीवरचं औषध लाल चमकणारं, ते आत गेलं तर पेशी लाल दिसाव्यात; पण औषध घालून तासाभराने सूक्ष्मदर्शकातून पाहावं तर पेशी काळ्याठिक्कर. "औषध आत शिरतच नाही," सर म्हणाले. तिने मात्रा दुप्पट केली, चौपट केली. काळोख तो काळोखच.

रविवारी सकाळी ती भुईगावला घरी आली. वाडीतल्या बावखलावर, पायऱ्यांच्या तळ्यावर, तोंड धुवायला वाकली आणि थबकली. एरवी तळाशी असणारं पाणी आज तिसऱ्या पायरीला लागलं होतं. झरे आटले म्हणून तिच्या आईने, मालनने, हेच तळं दोनदा खोल खणवलं होतं.

"आई, पाणी कुठून आलं गं?"

"येतं तं रोजच आसंल! आज शेजारी फर्डीचं पानी खेचायचं इंजिन बंद हाय. म्हंजे इतकी वर्सं तोच उपसत होता, मेला!"

कुंपणापलीकडे फर्डिनंड ठेवणीतल्या कोटाची बटणं लावत होता. ओशाळून हसला. "मालनबाय, चोर मीच गो. पन झरा एकच हाय, ते मला कुठं ठावं?"

चंद्रकांताने चहासुद्धा घेतला नाही. आल्या पावली परत फिरली.

प्रयोगशाळेत आजवर औषध घातल्यावर तासाभरानेच सगळे पाहत होते. तिने या वेळी दोन मिनिटांनी पाहिलं. पेशी कुंकवाने भरल्यासारख्या लाल! तासाभराने पुन्हा रित्या. औषध येत होतं. पेशीच ते उपसून टाकत होत्या. असं उपसणारं प्रथिन परदेशात सापडलं होतं, पण या गाठीत ते कुणी शोधलं नव्हतं. मग हा उपसा थांबवायला तिने पेशींचं इंधनच थोडा वेळ तोडलं. तास गेला. लाल. दुसरा तास गेला. लालच!

सोमवारी सरांनी भिंगाला डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही.

"ही बाटली फेकायची नाही," ते म्हणाले. "हिच्या दहा कर."

संध्याकाळी ती धावतच फर्डिनंडच्या अंगणात शिरली. "काका, जिंकले! तुमच्या बंद इंजिनाने जिंकवलं!"

"माझं कसलं गो, पोरी? काल माझ्या बायकोची, रोझलीनची, पयल्या वर्षदिनाची मिस्सा होती चर्चात. म्हनून मी इंजिनाला हात लावला नाय."

चंद्रकांता त्याच्या शेजारी पायरीवर बसली. चार वर्षांपूर्वी मेंदूच्या ऑपरेशनला जाताना रोझलीनमावशी तिला म्हणाली होती, "माझी गाठ फेकू नको हां, तुझ्या कामाला घे." बाटलीवर रोझलीनचा 'र' चंद्रकांतानेच घातला होता, त्याच दिवशी.

मंडळी, प्रथिनाचं नाव विसरलात तरी चालेल. रोझलीनची आठवण ठेवा.