पोचल्याचा फोन

हिमानीने केरसुणी उचलली, तशी जयवंताबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली.

“झाडू नको वं. वैभवले पोचू दे पहिले.”

घरचं माणूस प्रवासाला निघालं की पोचल्याची खबर येईपर्यंत अंगण झाडायचं नाही, हा सौंसरच्या या घरातला कायदा. निंबाच्या पाल्याने अंगण झाकून गेलं होतं. पण कायदा म्हणजे कायदा.

वैभवचं हे पहिलंच विमान, नागपूरहून दिल्ली. त्याला निरोप देऊन आई, बाप रघुनाथराव आणि बहीण हिमानी पहाटेच परतली होती; थोरला वीरेंद्र उरलेलं सगळं बघायला मागे थांबला होता. पावणेअकराला त्याचा फोन आला, निघाला म्हणून. पावणेतीनच्या आत काम झालं पाहिजे, असं तिथल्या साहेबांनी बजावलं होतं. चार तास. त्याच्या वर गेलं तर जाऊन न जाऊन सारखंच.

“कितीक दूर हाय?” रघुनाथरावांनी विचारलं.

हिमानीने मोबाइलवर पाहिलं. हवेतून साडेआठशे किलोमीटर, पावणेदोन तास.

रघुनाथराव चाट पडले. तरुणपणी ते पांढुर्ण्याहून संत्र्याच्या पेट्या घेऊन रेल्वेने दिल्लीला जायचे. अख्खा दिवस गाडीत मोडायचा आणि तळची फळं नासायची ती वेगळीच. आणि हा पोरगा जेवणाच्या वेळेला तिथे!

जयवंताबाईंची रुखरुख वेगळी होती. दही आत नेता येत नाही म्हणाले, म्हणून हातावर ठेवायचं राहून गेलं. जातो म्हणू नये, येतो म्हणावं, एवढं त्याला शिकवलं होतं. या खेपेला तो काहीच बोलला नाही. घरात चूल पेटली नव्हती. शेजारच्या रजनीने आणून दिलेला चहा तसाच गार झाला.

सव्वाअकराच्या सुमाराला विमान आलं. तिघंही अंगणात उभी राहिली. वैभव लहानपणी बागेतलं काम टाकून असाच आभाळाकडे बघत राहायचा आणि बापाच्या शिव्या खायचा. आज बापाचीच मान खाली येईना.

ठिपका उत्तरेला दिसेनासा झाला. रघुनाथरावांनी जामसावळीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले.

“मारुतीनं एका रातीत पहाड आणला म्हणतात,” ते हळूच म्हणाले. “मले कधी खरं वाटलं नव्हतं. आज वाटून राहिलं.”

एक वाजायला आला तेव्हा वीरेंद्रचा पुन्हा फोन. विमान उतरलं, पोलिसांनी रस्ता मोकळा करून ठेवला आहे.

“कलेक्टरच झाला म्हण ना,” रघुनाथराव म्हणाले.

दोन वाजले. मग अडीच. हिमानी मोबाइल मुठीत धरून उंबऱ्यावर बसली होती. तिघांपैकी कोणीही घड्याळाकडे बघत नव्हतं आणि तिघांनाही वेळ माहीत होती.

दोन चाळीसला फोन वाजला.

“बाबा,” वीरेंद्र म्हणाला, “काळीज बसवलं. दिल्लीच्या त्या पोराच्या छातीत धडधडून राहिलं.”

“पोचला,” रघुनाथरावांनी सांगितलं.

जयवंताबाईंनी केरसुणी घेतली आणि त्या स्वतःच झाडायला लागल्या. आता घाई करायला हवी होती. उरलेल्या वैभवला घेऊन नागपूरहून गाडी निघाली होती.